वाकड्या पावलाचा सरळ बूट

८ जानेवारी

दादा,

नमस्कार. घ्यायचा असला तर घे, नाहीतर बाजूला ठेव.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. मुद्दाम तुझ्या बुटांच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे मुकादमाच्या हातून मिळेल आणि चार माणसांसमोर फाडायला तुला लाज वाटेल. घरी असताना माझं बोलणं अर्धवट टाकून तू उठून जायचास. आता जा कुठं जायचं ते.

वहिनीनं तुला फोनवर शिबिराचं सांगितलं, तेव्हा तू एकच प्रश्न विचारलास, 'तिचा बूट कोणी काढला?' डॉक्टर काय म्हणाले, पोर घाबरली का, पुढं काय करायचं, यातलं काही नाही. बूट कोणी काढला! वहिनी गप्प राहिली, तर 'जोडे शिवणाऱ्याची पोर चार लोकांत अनवाणी उभी केलीत, माझं नाक कापलंत' म्हणून फोन आपटलास. तेव्हापासून तुझ्या तोंडाला कुलूप आहे.

तर उत्तर घे. बूट मी काढला. भांडायचं तर माझ्याशी भांड, वहिनीला एक शब्द बोलायचा नाही.

काय झालं ते सांगते, कारण तुला ते कोणीच नीट सांगितलेलं नाही. गरिबाघरच्या मुलांचे वाकडे हातपाय फुकट सरळ करून देणारी एक संस्था आहे. त्यांचे डॉक्टर शाळेत आले होते. वहिनीला लाँड्रीतून सुट्टी मिळेना, म्हणून तुझ्या दुकानाला फळी लावून मी गेले. मुलांना रांगेनं चालायला लावत होते. तुझी लेक, आपली भिंगरी, चालली. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, 'ठीक आहे, पुढची.' मागून शाळेच्या बाई म्हणाल्या, 'नवीन बूट चावत असेल.'

इतका तुझा बूट चांगला आहे, दादा. बाहेरून दोन्ही पायांत रेघभर फरक दिसत नाही. आतून तू चामड्याच्या घड्या आणि लोकर कशी भरतोस, बाहेरची कड कशी कडक करतोस, हे मला माहीत आहे, मीच तर टाके घातलेत. सात वर्षं आपण दोघांनी मिळून झाकली मूठ सव्वा लाखाची केली. आणि त्या दिवशी तीच मूठ झाकलेली राहून पोर रांगेतून बाहेर पडत होती.

मग बूट निघाला. डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या आणि फरशीवर बसल्या. भिंगरीचं पाऊल त्यांनी दोन्ही हातांत घेतलं. तळवा आतल्या बाजूला वळलेला, सगळा भार बाहेरच्या कडेवर, तिथं टाचेएवढा जाड घट्टा. तू तो घट्टा दर रविवारी तेल लावून चोळायचास. बाईंनी त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, 'हा बूट कोणी केला?' मी म्हटलं, 'माझ्या भावानं.' त्या म्हणाल्या, 'त्यानं हा पाय सात वर्षं लपवला.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, 'तोंड सांभाळून बोला. त्यानं लपवला नाही, त्यानं तिला चालवलं.' तुझ्या बाजूनं भांडले मी तिथं, हे ध्यानात ठेव. पण घरी येताना मला कळत होतं की बाई खोटं बोलल्या नव्हत्या.

आता कामाचं. त्या म्हणतात, आधी दर आठवड्याला प्लास्टर घालून पाऊल हळूहळू वळवायचं, आणि जे प्लास्टरनं होणार नाही ते ऑपरेशन करून. अजून हाडं कोवळी आहेत. आणखी दोन-तीन वर्षं घालवली तर हाडंच कापावी लागतील, आणि तरी पाऊल इतकं सरळ होणार नाही. पहिलं प्लास्टर येत्या मंगळवारी. आईची सही चालते. वहिनीला मी सही करायला लावली आहे, तिला काही बोलायचं नाही हे पुन्हा सांगते.

तुझ्या परवानगीसाठी थांबले असते, तू फोन उचलला असतास तर.

तुझी,
कात्री
(हे नाव तूच ठेवलंस, आता धार सोस.)


३० जानेवारी

दादा,

उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तरी ओतत राहणार आहे.

तीन प्लास्टरं झाली. कसं करतात ते सांगते, तुला आवडेल. डॉक्टरीणबाई पाऊल हातात धरतात आणि बोलत बोलत, पोरीला शाळेतल्या गोष्टी विचारत, ते थोडंसं बाहेर वळवतात. ओढत नाहीत. आपण ओलं चामडं फर्म्यावर बसवताना जसं दाबून धरतो ना, घाई केली तर सुरकुती पडते म्हणून, अगदी तसं. मग त्यांचा हाताखालचा माणूस बादलीतल्या पाण्यात पट्टी बुडवतो आणि पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत गुंडाळतो. सुकेपर्यंत बाई पाऊल सोडत नाहीत. पुढच्या मंगळवारी ते कापायचं, पाऊल आणखी थोडं वळवायचं, नवीन घालायचं. दर वेळी कापलेल्या प्लास्टरमधून निघालेलं पाऊल मागच्यापेक्षा सरळ असतं. मी डोळ्यांनी बघितलंय, मला कोणी सांगितलेलं नाही.

मांडीपर्यंत प्लास्टर म्हणजे पोर उचलून न्यावी लागते. तुझी लेक आता हलकी राहिलेली नाही. जाताना मी पाठुंगळी घेते, येताना वहिनी. बसमधला एक माणूस जागा देईना, उलट म्हणतो, 'एवढ्या मोठ्या मुलीला लाडावून ठेवलंय.' मी काही म्हणायच्या आत भिंगरीनं प्लास्टरचा पाय त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, 'काका, जरा धरा, जड आहे.' तो बिचारा दोन थांबे धरून बसला.

आता तुझ्या मनातलं बोलते, कारण तू बोलणार नाहीस. ती जन्मली तेव्हाही प्लास्टर घातलं होतं. तेव्हा तिची बोटं निळी पडली, आणि तू आपली चामडं कापायची रापी घेऊन ते प्लास्टर उभं चिरून काढलंस. तुझा हात जरासुद्धा हलला नाही. पोरीच्या अंगावर एक ओरखडा आला नाही. त्या दिवशी तू बरोबर होतास, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. ते प्लास्टर कोणीतरी निष्काळजीपणे घातलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी तिला परत न्यायला हवं होतं. तू नेलं नाहीस. तू तिच्या पायाचं माप घेतलंस आणि मऊ चामड्याचा पहिला बूट शिवलास. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. आम्ही सगळ्यांनी त्या एवढ्याशा बुटाचं कौतुक केलं.

आणि आपल्या बाबांचं उदाहरण तर देऊच नकोस. 'हॉस्पिटल पाय घेतं, देत नाही,' हे तुझं वाक्य मला पाठ आहे. बाबांच्या पायात खिळा गेला, ते महिनाभर हळद लावत बसले, पाय काळा पडला तेव्हा आपण त्यांना नेलं. पाय उशिरानं घेतला, दादा. तोच उशीर तुला पोरीच्या बाबतीत करायचाय आणि वर त्याला काळजी म्हणायचंय. मला मान्य नाही.

भिंगरी रोज विचारते, बाबा कधी येणार. मी सांगते, कारखान्यात सुट्टी नाही.

दुकान बरं चाललंय. तुझी गिऱ्हाइकं तुझं नाव काढतात आणि मला नावं ठेवतात. परवा एक जण एकाच पायाचा जोडा घेऊन आला, म्हणे दुसरा चांगला आहे, तो कशाला आणू? मी म्हटलं, मग पाय तरी दोन्ही आणलेत ना.

कात्री


२० फेब्रुवारी

दादा,

पार्सल मिळालं. चिठ्ठीचा कपटा नाही, पण पत्त्यावरचं अक्षर तुझं. तेव्हा हेच तुझं उत्तर असं धरते.

बूट सुंदर आहेत. मी कोणाला खोटं बरं म्हणत नाही हे तुला माहीत आहे. कारखान्यात दिवसभर यंत्रावर सोल चिकटवून आल्यावर तू हे हातानं शिवलेस, एकही टाका पुढंमागं नाही. आतली लोकर तर वहिनी गालाला लावून बसली होती. ती म्हणाली, 'राहू द्या ना हो वन्सं, त्यांनी जीव ओतलाय.'

मी परत पाठवतेय. हे पत्र उजव्या बुटात सापडेल तुला.

दिवाळखोर होऊन भीक मागेन, पण हे बूट घरात ठेवणार नाही. तू हे जुन्या मापावर केलेस. मी गेल्या वर्षी कागदावर तिचं पाऊल ठेवून पेन्सिलीनं रेघ काढून पाठवली होती, त्या मापावर. माझी दोन्ही पत्रं तुला मिळाली, पाऊल सरळ होतंय हे तू वाचलंस, आणि तरी वाकड्या पावलाचा बूट शिवलास. म्हणजे तुझं म्हणणं असं, की हे सगळं थांबवा आणि तिला पुन्हा यात घाला. तोंडानं नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून चामड्यानं म्हणालास.

तर माझं उत्तर ऐक. त्या मापाचं पाऊल आता या घरात नाही.

तुला राग येईल. येऊ दे. मलाही आलाय. पार्सल उघडलं तेव्हा भिंगरी माझ्या बाजूलाच बसली होती. तिनं डावा बूट हातात घेतला, आत हात घालून बघितलं. मग प्लास्टरच्या शेजारी उभा करून बघितला. नंतर विचारते, 'आत्या, बाबांना माझा पाय सरळ झालेला आवडणार नाही का?'

सांग, काय सांगायचं होतं मी? मी म्हटलं, बाबांना पत्र उशिरा मिळालं असणार, बूट आधीच करून झाले असणार. तुझ्यासाठी किती खोटं बोलायला लावतोस रे.

मला कळत नाही असं समजू नकोस. या पोरीसाठी तू जेवढं केलंस तेवढं गावातल्या कुठल्या बापानं केलं नसेल. आणि आता एक बाई येते, पाऊल हातात धरते, आणि तुझं सात वर्षांचं काम निकामी ठरतं. ते लागणारच. पण तुझं लागणं तुझ्यापाशी ठेव. ते पोरीच्या पायात घालू नकोस.

ऑपरेशन ११ मार्चला. प्लास्टरनं होण्यासारखं होतं तेवढं झालं. टाचेमागची शीर आखडलेली आहे, ती सैल करायची, आणि पाऊल आतल्या बाजूला ओढणारं जे आहे ते सोडवायचं. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वहिनीनं दोनदा समजावून घेतलं आणि मग विचारलं, 'तिला दुखेल का?' बाई म्हणाल्या, 'हो, थोडे दिवस दुखेल.' खोटं बोलल्या नाहीत म्हणून मला त्या आवडायला लागल्यात.

११ मार्च. सकाळी आठला बोलावलंय. पत्ता मागच्या पानावर लिहिते.

तुझी बहीण


११ मार्च
हॉस्पिटल, ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा बाक

दादा,

तू आला नाहीस.

आत नेलंय तिला. वहिनी बाकाच्या त्या टोकाला बसलीय, हातात पोरीचा फ्रॉक घेऊन. सारखी त्याची घडी घालते आणि मोडते. लाँड्रीतला हात आहे, घडी अशी पडते की जणू इस्त्री केलीय. मी हे लिहायला घेतलं.

समोर एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन बसलेत. त्यांनी मला विचारलं, 'मुलीचे वडील कुठं आहेत?' मी म्हटलं, 'कामावर.' ते म्हणाले, 'हो, पोटाचं बघावं लागतं.' इतक्या सहज म्हणाले की मला रडू आलं. मी रडले, दादा. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

आता एक गोष्ट सांगायची आहे. सांगायची नव्हती, पण तिनंच सांगायला लावलीय. स्ट्रेचरवर झोपवली तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, 'आत्या, बाबांना खरं सांग. तुझ्यावर उगाच रागावलेत.'

तर खरं असं. बूट मी काढला नाही.

मी तर हात धरून तिला रांगेतून बाहेर घेऊन निघाले होते. डॉक्टरीणबाई 'ठीक आहे' म्हणाल्या, मला हायसं वाटलं. चला, सुटलो, कोणाला कळलं नाही. मी तुझीच बहीण. भिंगरीनं माझा हात सोडला. तिथंच फरशीवर बसली, आणि नाडी सोडायला लागली. मी दबक्या आवाजात म्हटलं, 'ए, उठ, लोक बघतायत.' ती उठली नाही. बूट काढून तिनं तो शेजारी नीट उभा ठेवला आणि बाईंना म्हणाली, 'हा माझ्या बाबांनी केलाय. चांगला आहे. पण आत माझा पाय दुखतो.'

सगळी रांग बघत होती. ती रडली नाही, लाजली नाही. पाय पुढं करून बसून राहिली.

घरी आल्यावर मी विचारलं, 'एवढं दुखत होतं तर बाबांना का नाही सांगितलंस?' म्हणाली, 'आधी सांगायचे. पण दुखतं म्हटलं की बाबा नवीन बूट करायला बसतात. मग जेवत पण नाहीत.'

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. नाही, खोटं कशाला बोलू, वाटावंच. पण पोरीनं तुझी तक्रार केली नाही हे बघ. तुला त्रास नको म्हणून ती दुखणं गिळून बसली, आणि अगदीच सोसेना तेव्हा तुझ्या बुटाची आधी तारीफ केली, मग पायाचं सांगितलं. एवढीशी पोर तुला सांभाळून घेत होती.

आणि सहीचं. वहिनीला मी लावली, असं मी लिहिलं होतं. तेही खोटं. मी अजून 'विचार करू, दादाला विचारू' म्हणत होते. वहिनीनं माझ्या हातातला पेन घेतला. तू तिला मुकी गाय म्हणतोस ना? सही करताना म्हणाली, 'ते मला घराबाहेर काढणार असतील तर काढू देत. मी हिला घेऊन तुमच्या दुकानात राहीन.' मी म्हटलं, 'दुकान त्याचंच आहे, वहिनी.' तर म्हणते, 'चालवता तुम्ही.'

मी दोघींना पाठीशी घालत होते, पण त्यांना कोणाच्या पाठीची गरजच नव्हती. तू ज्या दोघींवर ओरडलास की गप्प बसतात, त्या दोघींनी हे केलं. मी फक्त पिशव्या उचलल्या.

दार उघडलं. थांब.

दुसऱ्याच कोणासाठी तरी उघडलं होतं. अजून आतच आहे ती.


११ मार्च, दुपारी

झालं. बाहेर आणली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनासारखं झालंय. तोंडावरचा कपडा काढला तेव्हा त्यांच्या नाकावर खोल वळ उठले होते, मी पहिल्यांदा त्यांचा थकलेला चेहरा बघितला. वहिनी त्यांच्या पाया पडायला गेली, तर त्याच मागं सरकल्या आणि म्हणाल्या, 'आता दीड-दोन महिने प्लास्टर सांभाळा, ते जास्त कठीण आहे.'

पोर शुद्धीवर येतेय. पाणी मागते, पण इतक्यात द्यायचं नाही. ओठ ओले करतेय मी.

जाग आली तेव्हा तिनं आधी मला बघितलं, मग आईला, मग दाराकडे बघत राहिली.

हे पत्र आताच टाकते.


१६ मे

दादा,

आता मात्र तू हद्द केलीस.

मुकादमाकडे निरोप ठेवला होता तसं, तीन दिवसांपूर्वी प्लास्टर काढलं. व्यायामासाठी तिला इथं हॉस्पिटलात पुन्हा दाखल करून घेतलंय. काल सकाळी तिला पहिल्यांदा उभं केलं. एका लांब खोलीत दोन लाकडी दांड्या आहेत, त्या धरून मुलं चालतात. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी तिला दांड्यांच्या मध्ये उभं केलं, अनवाणी. होय, अनवाणी. तिचा डावा तळवा फरशीला टेकला आणि ती किंचाळली. वहिनी धावली, दुखलं म्हणून. तर पोर हसत होती. 'आई, गुदगुल्या होतायत!'

दादा, त्या तळव्याला जमीन कधी लागलीच नव्हती. सात वर्षं ती कडेवर चालली. तळवा अजून तान्ह्या बाळासारखा मऊ आहे, गुलाबी. मी हात लावून बघितला. तू रविवारी तेल लावायचास ते कडेच्या घट्ट्याला. मधल्या त्या मऊ जागेकडे आपलं कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

मग ती चालली. पुढचं टोक गाठलं, वळली, परत आली. पाऊल अजून थोडं आत वळतं. बाई म्हणतात, ते तेवढं राहील, पायाला आधाराचा पट्टा वापरावा लागेल, पळताना दमेल. मी म्हटलं, दमू दे. पळेल तर दमेल.

आणि तेव्हा तू दारात होतास.

मला कसं कळलं विचारशील. वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं. म्हणाल्या, 'एक माणूस दाराच्या काचेतून बघत होता. हातात कापडी पिशवी. मी विचारलं, कोणाकडे आलात? तर म्हणाला, कोणाकडे नाही. विचारलं, तुम्ही कोण? तर म्हणाला, कोणी नाही. आणि जिन्यानं उतरून गेला.' मी विचारलं, 'बोटं कशी होती?' मावशी म्हणाल्या, 'काळी. पॉलिश करणाऱ्याची असतात तशी.'

कोणी नाही? तू कोणी नाहीस? सात वर्षं स्वतः फाटके जोडे घालून जिच्यासाठी पहिल्या प्रतीचं चामडं कापलंस, तिच्या दारात उभं राहून तू कोणी नाहीस? बस पकडून, रजा टाकून, मी लिहिलेला पत्ता शोधत एवढ्या लांब आलास, आणि शेवटच्या चार पावलांना तुझे पाय जड झाले? माझी शिव्यांची सगळी पोतडी इथं रिकामी करणार होते, पण कागद लहान आहे आणि वहिनी शेजारी बसून वाचतेय.

तुला वाटलं असेल, कोणी बघितलं नाही. तिनं बघितलं. परत येताना तिचं तोंड दाराकडे होतं. म्हणून तर ती शेवटी दांड्या सोडून दोन पावलं टाकायला गेली आणि ताई तिला ओरडल्या. आम्हाला वाटलं, पोरीला चेव आलाय. संध्याकाळी पांघरूण घालताना मला म्हणाली, 'आत्या, बाबा आले होते. मी हात सोडून चालले ते त्यांनी बघितलं. मग गेले का?'

दादा, आतापर्यंत मी तुझ्या वतीनं उत्तरं दिली. सुट्टी नाही. फोन बिघडलाय. पत्र उशिरा मिळालं. काम फार आहे. या वेळीही जिभेवर आलं होतं, की ते बाबा नव्हतेच, दुसरं कोणीतरी असेल. मी बोलले नाही. मी तिला म्हटलं, 'मला माहीत नाही. बाबांना विचार.' ती म्हणाली, 'बरं.' आणि कूस बदलून झोपली. तुझ्यासाठीचं माझं शेवटचं खोटं त्या बुटांच्या पार्सलच्या वेळचं, यापुढं एकही नाही.

तुझी भीती मला समजते. बाबांचा पाय समजतो. तू बनवलेला बूट नाकारला गेला, तेही समजतं. मी ते बूट परत पाठवले याबद्दल माफी मागणार नाही. पुन्हा पाठवलेस तर पुन्हा परत पाठवीन. पण तू दारातून परत गेलास याची माफी मात्र तुला मागावी लागेल, आणि ती माझ्याकडे नाही.

येत्या बुधवारी तिला घरी सोडणार. काल मावशींनी तिला सहज विचारलं, 'न्यायला कोण येणार गं?' आम्ही दोघी समोर बसलेल्या असताना ती म्हणाली, 'बाबा.' वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून पिशवी भरत राहिले. तू येशील असं मी तिला सांगितलं नाही, आणि येणार नाहीस असंही नाही.

सकाळी दहा वाजता आम्ही फाटकाबाहेर असू. रिक्षा करणार नाही, तिनंच नको म्हटलंय. बसथांबा समोरच आहे, रस्ता ओलांडला की झालं. तुला तिचा हात धरायचा असला तर ये. नाही आलास तर ती तशीही येईल. तिला आता चालता येतं.

कात्री